पंपाचं मॅन्युअल: कागद गोळा करण्यापासून छापून येईपर्यंत

आडव्या सेंट्रिफ्यूगल पंपाचं नवं मॅन्युअल जूनअखेर छापून आलं. काम हाती आलं होतं जानेवारीत. डिझाइनमध्ये किंवा सर्व्हिसमध्ये काही वर्षं काढलेल्या इंजिनिअरला एक दिवस "याचं मॅन्युअल तुम्हीच लिहा" असं सांगितलं जातं. सुरुवात कुठून करायची, ते मात्र कुणी सांगत नाही. अशा लोकांसाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे. उदाहरण पंपाचं असलं तरी गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर, कन्व्हेयर अशा कोणत्याही यंत्राला हाच क्रम चालतो.

कागद गोळा करणं

जानेवारी जवळपास पूर्ण कागद गोळा करण्यात जातो, आणि तो जाऊ द्यावा. जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग, सेक्शनल ड्रॉइंग, पार्ट लिस्ट, टेस्ट रिपोर्ट, मोटर, कपलिंग (मोटर आणि पंप यांचे शाफ्ट जोडणारा भाग) आणि बेअरिंग बनवणाऱ्यांची माहितीपत्रकं हे सगळं लवकर मिळतं. उशिरा मिळतात त्या दोन गोष्टी, आणि नेमक्या त्याच सर्वांत मोलाच्या: जोखीम मूल्यांकन आणि सर्व्हिस विभागाकडची तक्रारींची नोंद.

जोखीम मूल्यांकन हातात नसताना धोक्याच्या सूचना लिहायला बसू नये. यंत्रांच्या सुरक्षेचं मानक आयएसओ १२१०० मधला क्रम पक्का आहे. आधी डिझाइनमध्येच धोका काढून टाकायचा, ते जमत नसेल तिथे गार्ड किंवा इतर संरक्षण द्यायचं, आणि एवढं करूनही जो धोका उरतो तो मॅन्युअलमध्ये आणि यंत्रावरच्या लेबलवर सांगायचा. म्हणून कपलिंगला गार्डच नसेल तर "फिरत्या कपलिंगपासून दूर राहा" असं छापून काम भागत नाही. असं काही दिसलं की ते डिझाइनकडे लेखी परत पाठवावं, तेही बदल-विनंतीचा रीतसर फॉर्म भरून. फॉर्मला नंबर पडतो, त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि पुढे सह्यांच्या वेळी "हे आधी का सांगितलं नाही" हा प्रश्न उरत नाही.

तक्रारींची नोंद मागच्या दोन-तीन वर्षांची तरी वाचावी. पंपाच्या बाबतीत बहुतेक तक्रारी चारच जागांभोवती फिरतात: प्रायमिंग (चालू करण्याआधी पंपात पाणी भरून हवा काढणं) होत नाही, ग्लँड (शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथली गळती रोखणारी जागा) गळते किंवा जळते, कपलिंगचे रबर बुश लवकर झिजतात, बेअरिंग तापतं. कोणत्या प्रकरणाला किती पानं द्यायची ते या नोंदीवरून ठरतं. जुन्या मॅन्युअलमध्ये पंपाच्या रंगकामाला एक पूर्ण पान होतं आणि पॅकिंग, म्हणजे ग्लँडमध्ये शाफ्टभोवती बसणाऱ्या दोरीसारख्या रिंगा, बदलण्याला तीन ओळी. तक्रारी का येत होत्या, ते तिथेच दिसत होतं.

याच काळात मानकं वाचून घ्यावीत. आयईसी/आयईईई ८२०७९-१ ची २०१९ ची आवृत्ती वापरासाठीच्या माहितीबद्दल सर्वसाधारण नियम देते. आयएसओ २०६०७, हेही २०१९ चं, खास यंत्रांच्या सूचना-पुस्तिकेसाठी आहे. धोक्याच्या सूचनांच्या मांडणीसाठी एएनएसआय झेड५३५.६ उपयोगी पडतं. मानकं विकत घ्यावी लागतात आणि स्वस्त नसतात, त्यामुळे मागणी टाकण्याआधी गुणवत्ता विभागाच्या कपाटात प्रत आहे का, आणि असली तर कोणत्या वर्षाची, ते पाहावं. यंत्र युरोपात जाणार असेल तर मूळ भाषेतल्या पुस्तिकेवर "मूळ सूचना" आणि अनुवादावर "मूळ सूचनांचा अनुवाद" असं छापावं लागतं. तिथला नवा यंत्र-नियम २०२३/१२३० हा २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. त्यानुसार सूचना डिजिटल स्वरूपात देता येतात, पण खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितल्यास छापील प्रत फुकट द्यावी लागते. म्हणजे छपाईची फाइल तयार ठेवणं सुटत नाही.

पंप उघडून पाहणं

फेब्रुवारीत असेंब्लीच्या जागी बसावं. ड्रॉइंगवरून लिहिलेलं मॅन्युअल आणि यंत्र समोर उघडून लिहिलेलं मॅन्युअल यांतला फरक फिटरला पहिल्या पानावरच कळतो. अनुभवी फिटरबरोबर पंप पूर्ण उघडायचा आणि पुन्हा जोडायचा. प्रत्येक पायरीला एक फोटो, आणि वहीत तीन नोंदी: कोणता पाना, कोणता हात कुठे, काय अडलं. "कोणता हात कुठे" ही नोंद विचित्र वाटेल, पण एकाच माणसाला जमणार नाही अशी पायरी तिच्यामुळेच सापडते. इम्पेलर (पाणी फेकणारं पात्यांचं चाक) काढताना शाफ्ट दुसऱ्याने धरावा लागतो, हे कोणत्याही ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं नसतं.

पान्याचं माप यंत्रावरच तपासावं. एम१२ बोल्टचं डोकं डीआयएन (जर्मन मानक) मापाचं असेल तर १९ चा पाना लागतो आणि आयएसओ मापाचं असेल तर १८ चा. एम१० ला तसंच १७ आणि १६. खरेदी विभागाने बोल्टचा पुरवठादार बदलला की मॅन्युअलमधली हत्यारांची यादी चुकीची ठरते. यादीत दोन्ही मापं द्यावीत.

टॉर्कच्या, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते. ८.८ ग्रेडच्या एम१२ बोल्टसाठी सर्वसाधारण तक्त्यांत ८० न्यूटन-मीटरच्या आसपास आकडा दिसतो. तो तसाच उचलून केसिंगच्या (पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या) बोल्टला लिहू नये. बीडाचं केसिंग, मधलं गॅस्केट आणि धाग्यांची लांबी पाहून डिझाइनर जो आकडा देईल तोच छापायचा, आणि त्याच्या शेजारी धागे कोरडे की तेल लावलेले हेही. तेल लावलेल्या बोल्टला तोच टॉर्क दिला तर ताण बराच जास्त बसतो, कारण घर्षणात खर्च व्हायचा तो जोर बोल्ट ताणण्यात जातो. आवळण्याची पद्धतही लिहावी: समोरासमोरच्या जोड्यांनी, तीन फेऱ्यांत, साधारण ३०, ६० आणि १०० टक्के.

ग्लँडचं प्रकरण

या प्रकरणाला सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला असं वाटतं. पॅकिंगवाल्या पंपात ग्लँडमधून थेंब पडलेच पाहिजेत. ते पाणी पॅकिंग आणि स्लीव्ह (शाफ्टवरची संरक्षक नळी) यांच्यामध्ये राहून त्यांना थंड ठेवतं. पण गळती दिसली की ती बंद करायची, ही फिटरच्या हाताची सवय असते, आणि एरवी ती चांगलीच सवय आहे. तो ग्लँडचे नट थेंब थांबेपर्यंत आवळतो, पॅकिंग कोरडी पडते, जळते, कडक होते आणि स्लीव्हवर चरे पाडते. त्यानंतर कितीही नवी पॅकिंग घातली तरी चरे पडलेल्या स्लीव्हवर ती टिकत नाही.

जुन्या पुस्तिकेत फक्त "ग्लँड जास्त आवळू नये" असं होतं. जास्त म्हणजे किती, आणि का नाही, याचा पत्ता नव्हता. नव्या पुस्तिकेत ते असं लिहिलं: पंप चालू करताना ग्लँडचे नट हाताने लावल्याइतकेच ठेवा. सुरुवातीला धार पडेल, ती पडू द्या. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट एकेक पैलू, म्हणजे एक षष्ठांश फेरा, आवळा. पुन्हा दहा-पंधरा मिनिटं थांबा. मिनिटाला ४० ते ६० थेंब पडू लागले की थांबा. थेंब पूर्ण बंद झाले तर नट लगेच सैल करा, नाहीतर पॅकिंग जळते आणि स्लीव्ह खराब होते. शेवटचं अर्धं वाक्य हे कारण आहे, आणि ते गाळायचं नाही. कारण कळलेला फिटर रात्रपाळीत, कुणी विचारायला नसताना, योग्य तेच करतो. थेंबांचा आकडा प्रत्येक पंपाला सारखा नसतो. शाफ्टचा व्यास, वेग आणि पॅकिंगचा प्रकार यांवर तो ठरतो, म्हणून तो टेस्ट बेडवर (पंप चालवून तपासण्याच्या जागी) पाहून घ्यावा.

पॅकिंग बदलण्याच्या पायऱ्यांत ज्या गोष्टी सुटतात त्या अशा. पॅकिंगचं माप म्हणजे स्टफिंग बॉक्सचा (पॅकिंग बसते त्या पोकळीचा) आतला व्यास वजा स्लीव्हचा बाहेरचा व्यास, भागिले दोन. ७० आणि ५० असेल तर १० मिलिमीटर. पॅकिंग स्लीव्हच्याच व्यासाच्या दांड्यावर गुंडाळून कापायची, शाफ्टवर धरून अंदाजाने नाही. जुनी रिंग एकही आत राहू द्यायची नाही. सर्वांत आतली रिंग नेहमी राहून जाते, कारण ती दिसत नाही. प्रत्येक रिंगचा सांधा आधीच्या सांध्यापासून ९० अंशांवर ठेवायचा. लँटर्न रिंग (पॅकिंगपर्यंत पाणी पोचवणारी भोकांची रिंग) पाण्याच्या भोकासमोर येते की नाही ते पाहायचं, आणि ती किंचित बाहेरच्या बाजूला बसवायची, कारण पॅकिंग दाबली गेली की ती आत सरकते. हे सरकणं आकृतीत बाणाने दाखवलं. शब्दांत सांगायला चार ओळी लागत होत्या.

पायऱ्या लिहिण्याची रीत

एका पायरीत एकच काम. अट आधी, कृती नंतर. "केले जाते", "करण्यात यावे" असं लिहिलं की कोण करणार ते कळत नाही. सरळ "करा" लिहावं. विमान उद्योगात वापरल्या जाणाऱ्या एएसडी-एसटीई१०० या नियमावलीत सूचनेच्या इंग्रजी वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, त्यामुळे बारा-तेरा शब्दांपुढे गेलेलं वाक्य तोडावं असं माझं मत झालं आहे.

मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो, त्याचं भान ठेवावं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह म्हणजे पंपातून पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह. "डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप चालू करू नका" हे वाक्य घाईत वाचणारा "पंप चालू कर" इथपर्यंत पोचलेला असतो. त्याऐवजी "डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करा. मग पंप चालू करा" असं लिहावं. या प्रकारच्या पंपाला बंद व्हॉल्व्हवर सर्वांत कमी शक्ती लागते, म्हणून मोटरवर सुरुवातीचा भार कमी येतो. पण लगेच पुढची पायरी हवी: पंपाने वेग घेतला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, बंद ठेवून चालवत राहू नका, आतलं पाणी तापतं. इथे "नका" आलं आहे, पण त्याच्या आधी काय करायचं ते सांगून झालेलं आहे.

फिरण्याची दिशा तपासण्याची पायरी कपलिंग जोडण्याआधी हवी. मोटर क्षणभर चालू करून दिशा पाहायची. उलटी असेल तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या. जोडल्यावर तपासलं आणि इम्पेलर आट्यांवर बसणारा असेल, तर उलट्या फिरण्याने तो सैल होऊन केसिंगला घासतो. पाइप जोडून झाल्यावर कपलिंगचं अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत का) पुन्हा तपासा, ही पायरी वेगळ्या क्रमांकाने द्यावी. फ्लँज ओढून-ताणून जुळवली असेल तर आधी डायल गेजवर बरोबर दिसलेलं अलाइनमेंट बिघडलेलं असतं, आणि रबर बुश झिजण्याच्या तक्रारी बहुतांशी तिथूनच येतात.

ग्रीसच्या बाबतीत "योग्य प्रमाणात ग्रीस भरा" हे वाक्य कायमचं काढून टाकावं. पुन्हा ग्रीस भरण्यासाठी सोपं सूत्र आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३०८ बेअरिंगचा व्यास ९० आणि रुंदी २३, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. पण फिटरच्या हातात वजनकाटा नसतो, ग्रीस गन असते. म्हणून पुस्तिकेत हेही घातलं: गनचे दहा स्ट्रोक कागदावर काढून वजन करा, दहाने भागा, आणि तो आकडा गनवर रंगाने लिहून ठेवा. जास्त ग्रीस झालं तर बेअरिंग ते घुसळत राहतं आणि तापतं. मग तापतंय म्हणून लोक आणखी ग्रीस भरतात. हे दुष्टचक्र दोष-निवारणाच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

धोक्याच्या सूचना चार पातळ्यांच्या. "धोका" म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. "इशारा" म्हणजे होऊ शकते. "सावधान" म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. "सूचना" म्हणजे फक्त यंत्राचं किंवा मालाचं नुकसान. रंग अनुक्रमे लाल, नारिंगी, पिवळा, निळा. प्रत्येक सूचनेत धोका कशाचा, काय होईल, आणि कसं टाळायचं या तिन्ही गोष्टी हव्यात, आणि ती पायरीच्या आधी हवी. दर पानावर लाल चौकट दिली तर चौथ्या पानानंतर डोळा तिच्यावर थांबत नाही; म्हणून कमी द्याव्यात आणि नेमक्या द्याव्यात. या पुस्तिकेत ज्या सूचनेसाठी सर्वांत जास्त आग्रह धरला ती अशी: मोटरचा मेन स्विच बंद करून कुलूप लावलं तरी डिलिव्हरी लाइनमधलं उभं पाणी मागे येऊन इम्पेलर फिरवू शकतं. सक्शन (पाणी आत येण्याचा) आणि डिलिव्हरी हे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून त्यांनाही कुलूप लावा, ड्रेन प्लग उघडून दाब उतरला याची खात्री करा, मगच केसिंगला हात लावा.

सह्या आणि चाचणी

मार्चअखेर मसुदा तयार होता. पुढचा वेळ तपासणीत गेला. डिझाइन, सर्व्हिस, सुरक्षा आणि गुणवत्ता अशा चार विभागांच्या सह्या लागतात. प्रती एकामागून एक न पाठवता चौघांना एकदम पाठवाव्यात, प्रत्येकाला दोन आठवड्यांची मुदत द्यावी आणि एक आठवडा उशिराचा धरून ठेवावा. पूर्ण मसुदा पाठवून "कृपया तपासा" म्हटलं तर शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या परत येतात. त्याऐवजी प्रत्येकाला प्रश्न पाठवावेत: पान १८ वरचा टॉर्क सर्व मॉडेल्सना लागू आहे का? पान ३१ वरचा क्रम टेस्ट बेडवर पाळला जातो का? नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं. सगळे शेरे एकाच तक्त्यात घ्यावेत: पान, शेरा, कुणाचा, निर्णय, कारण. दोन विभागांचे शेरे एकमेकांविरुद्ध असतील तर निर्णय लेखकाने घेऊ नये. दोघांना एकत्र बसवावं आणि ठरलेलं तक्त्यात लिहून सही घ्यावी.

सह्यांच्या आधी एक चाचणी हवीच. हे मॉडेल कधी न उघडलेल्या फिटरला मसुदा, पंप आणि हत्यारं द्यायची, आणि लेखकाने बाजूला गप्प बसायचं. बोलायचा मोह फार होतो. तो कुठे थांबतो, कुठे मागचं पान उलटतो, कुठे हत्याराच्या पेटीकडे परत जातो, एवढंच लिहायचं. मागचं पान उलटलं म्हणजे तिथे लागणारी माहिती त्या पायरीत नाही. पेटीकडे परत गेला म्हणजे हत्यारांची यादी अपुरी. तपासणी मॅन्युअलची आहे, तुमची नाही, हे काहीजण चाचणी झाल्यावर सांगतात. ते चाचणी सुरू होण्याआधी सांगावं, म्हणजे माणूस मोकळेपणाने अडखळतो.

अनुवाद, छपाई, रिलीज

अनुवादाचा खर्च शब्दांवर असतो. एकच सूचना तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिली असेल तर तिन्हींचे पैसे पडतात. शब्द न शब्द सारखी ठेवली तर अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकदाच धरली जाते. आकृत्यांवर नावं न छापता आकडे छापावेत आणि नावं खालच्या तक्त्यात द्यावीत, म्हणजे प्रत्येक भाषेसाठी आकृती नव्याने करावी लागत नाही. मजकुरासाठी तीसेक टक्के मोकळी जागा ठेवावी, कारण काही भाषांत तोच मजकूर लांबतो.

पानांची संख्या ४ च्या पटीत हवी, आणि मोठ्या छपाईत १६ पानांच्या फॉर्ममध्ये (एकाच कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटात) बसली तर स्वस्त पडतं. ६६ पानं झाली तर दोन पानं कापून ६४ करणं फायद्याचं. फोटो ३०० डीपीआयचे, कडेपर्यंत जाणारा रंग असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा, फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट. बांधणी स्पायरलची घ्यावी. चिकटवलेली पुस्तिका उघडी राहत नाही, आणि ज्याचे दोन्ही हात ग्रीसने भरलेले आहेत तो पान धरून ठेवू शकत नाही. छपाईआधीची कागदी प्रूफ सही करण्याआधी आकड्यांसाठी एकदा वेगळी वाचावी: फक्त आकडे, एककं आणि पार्ट नंबर, मूळ ड्रॉइंगशी ताडून. छपाईची प्लेट झाल्यावरचा बदल महाग पडतो.

रिलीजच्या वेळी पुस्तिकेवर दस्तऐवज क्रमांक, रिव्हिजन, तारीख आणि कोणत्या सीरियल नंबरपासूनच्या पंपांना ती लागू आहे, हे चारही असावं. सीरियल नंबर नसेल तर पाच वर्षांनी कोणती पुस्तिका कोणत्या पंपाची, हे कुणालाच सांगता येत नाही. जुनी रिव्हिजन पुसून टाकू नये; त्या रिव्हिजनचे पंप अजून कुठेतरी चालू असतात. "रिव्हिजन बी" ची, म्हणजे पुढच्या आवृत्तीतल्या दुरुस्त्यांची नोंदवही रिलीजच्याच दिवशी उघडावी आणि सर्व्हिसच्या लोकांना तिची जागा सांगून ठेवावी. आमच्या वहीत पहिली नोंद पडली आहे: पान २२, ड्रेन प्लगच्या वॉशरचं माप द्या.